गिटार चालेल, नगारा खोटा नको

डिसेंबर उजाडला की सोलापुरातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनांची घाई सुरू होते. नाटक-गाण्यातलं थोडंफार कळतं असा ज्याच्याबद्दल गावात गैरसमज आहे, त्याला परीक्षक म्हणून बोलावणं येतं. मलाही येतं. अशाच एका संमेलनात सातवीच्या पोरांनी भगवे फेटे बांधून नाच केला. नाच झकास होता, एकाचा फेटा सुटला तरी पठ्ठ्या थांबला नाही. पण त्याआधी निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं होतं, "आता सादर होत आहे एक शिवकालीन पारंपरिक गीत." गाणं होतं चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका हिंदी चित्रपटातलं. त्यात की-बोर्ड होता, संगणकावर बांधलेला ठेका होता आणि पन्नास गळ्यांचा वाटावा असा कोरस होता. शेजारच्या परीक्षकांच्या कानात मी तसं पुटपुटलो, तर ते म्हणाले, "जाऊ द्या की सर. पोरं कशी नाचायलीत बघा."

पोरांना मी नऊ गुण दिले. 'पारंपरिक' हा शब्द मात्र डोक्यात अडकून बसला.

ऐतिहासिक चित्रपट आला की आपल्याकडे संगीतावरून एक ठरलेलं भांडण होतं. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'तल्या पिंग्यावरून झालं. जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'ची झलक आली, तिच्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आणि गदारोळानंतर दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढून टाकला. त्या दिवसांत आमच्या चौकातही हाच विषय होता. गंमत अशी की लेझीम सोलापूरला काही परकी नाही. इथल्या शिवजयंतीच्या नि गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम नसेल तर मंडळाला मिरवणूक काढल्यासारखं वाटत नाही. शिट्टी वाजते, डाव बदलतो, दोनशे पावलं एकदम वळतात. तो प्रसंग नको म्हणणारे आणि असू दे म्हणणारे, दोघेही महिनाभराने त्याच मिरवणुकीत लेझीम खेळायला उतरणार होते. प्रश्न राजाच्या प्रतिष्ठेचा होता, तो ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने सोडवावा. मला खटकलं ते दुसरंच. इतक्या भांडणात नाच कुणी केला यावर सगळे बोलले, पडद्यावरून नेमकं काय ऐकू येतं यावर फारसं कुणी बोललं नाही.

आधी शुद्धतेचा दावा बाजूला ठेवू, कारण तो टिकणारा नाही. कपड्यांसाठी जुनी चित्रं आहेत, शस्त्रांसाठी संग्रहालयं आहेत, वाड्यांसाठी निदान जोती शिल्लक आहेत. आवाजाचं काय? आपल्याकडे गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या १९०२ साली, कलकत्त्यात; गौहरजान त्या पहिल्या गायिकांपैकी. शिवकाळातला एकही सूर कुणाला ऐकता येत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. एवढा सविस्तर ग्रंथ हाताशी असूनही त्यातले राग तेव्हा कसे गायले जात, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आपल्याकडे आहे, म्हणजे त्याचे शब्द आहेत. त्याचा गळा गेला, दम घ्यायची जागा गेली, डफावर थाप नेमकी कुठे पडायची तेही गेलं. तेव्हा 'त्या काळचं खरं संगीत' चित्रपटात हवं म्हणणारा माणूस जे मागतो, ते कुणाच्याच दुकानात नाही.

शिवाय आपण मराठी माणसं या बाबतीत कधी सोवळी नव्हतोच. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलं. महाभारतातली सुभद्रा साकी-दिंडीसारख्या छंदांत बोलली, कानडी चालींवर गायली, आणि कुणाला वावगं वाटलं नाही. सोलापूरकराला तर त्यात नवलही वाटू नये, इथे एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू चार घरांत चार तऱ्हांनी भांडतात. १९१६च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी तर भास्करबुवा बखल्यांनी बांधलेल्या चाली ख्यालाच्या अंगाने गायली आणि साथीला ऑर्गन होता. कुंडिनपुरात, रुक्मिणीच्या माहेरी, ऑर्गन कुठून आला, असं विचारणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत देऊन घरी पाठवलं असतं. 'मुगल-ए-आझम'मध्ये अकबराच्या तानसेनाला आवाज दिला बडे गुलाम अली खाँसाहेबांनी. खाँसाहेब ख्यालाचे गवई, तानसेन ध्रुपद गाणारा. ख्यालाला दरबारी मान मिळाला तो अठराव्या शतकात, सदारंग या रचनाकाराच्या वेळी. म्हणजे गाणं निदान शंभर वर्षं पुढचं. पण ऐकताना अंगावर काटा येतो आणि आपण गप्प बसतो.

म्हणून गिटारला माझी हरकत नाही. हे वाक्य मी आमच्या कट्ट्यावर म्हटलं तेव्हा एक जण म्हणाला, "काय बे, तू पण त्यातलाच." पण थोडं ऐकून घ्या. २००१ साली 'अ नाइट्स टेल' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. काळ चौदाव्या शतकाचा. घोड्यावरून भाले रोखून लढायच्या स्पर्धा, आणि सुरुवातीलाच मैदानातली गर्दी हात आपटत ताल धरते तो क्वीन या बँडच्या १९७७च्या गाण्यावर. हे पाहून चौदाव्या शतकात असंच वाजत होतं, असा समज कुणाचाही होणार नाही. दिग्दर्शक उघडपणे सांगतोय की बाबांनो, तुम्हाला पार्क स्टेडियमवर शेवटच्या षटकात जे होतं, ते या लोकांना इथे व्हायचं. हे रूपक आहे आणि त्याने ते रूपक म्हणूनच समोर ठेवलं आहे. याउलट आपल्या इतिहासपटांत गडावर सूर्य उगवताना पाठीमागे व्हायोलिनांचा ताफा वाजतो. तोही तेवढाच परका, तेवढाच नवा. पण कानाला सवय झाली म्हणून तो 'ऐतिहासिक' वाटतो. गिटारला हटकायचं आणि व्हायोलिनला मुजरा करायचा, ही काही इतिहासाची चाड नाही, ही सवय आहे.

राज्याभिषेकाच्या दृश्यावर गिटार चालेल का, असं कुणी विचारलं तर मी अडखळेन, हेही कबूल करतो. तिथे माझ्याकडे तर्क नाही, संकोच आहे. लहानपणापासून ज्या मूर्तीपुढे हात जोडले तिच्यापुढे काही गोष्टी करवत नाहीत, एवढंच.

उघडपणे नवं असलेलं संगीत फसवत नाही. फसवतं ते जुन्याचं सोंग घेतलेलं. आणि इथे मला माझ्याच विरुद्ध जाणारं एक उदाहरण द्यावं लागेल. १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' काढला. त्यातलं 'आधी बीज एकले' आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलं आहे. कीर्तनात ऐकलं आहे, कुणाच्या तरी तेराव्यालाही ऐकलं आहे. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी ते चित्रपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. ते इतकं अस्सल उतरलं की अनेकांना ते गाथेतलंच वाटलं, आजही वाटतं. मग ही फसवणूक म्हणायची का? मी बरीच वर्षं या प्रश्नाशी झटलो आहे. आठवले गाथेत मुरले होते. तुकोबांचा शब्द कुठे वळतो, कुठे थबकतो, हे त्यांच्या हाडात भिनलं होतं, तेव्हा कुठे ती एक रचना उतरली. खोट्याची भीती मला वाटते ती या ताकदीमुळेच. एका गीताने गाथेत घर केलं. ते चांगलं होतं म्हणून आपण बचावलो. उद्या जे घर करेल ते चांगलं असेलच याची हमी कोण देणार? सातवीच्या त्या पोरांच्या कानात शिवकाळ म्हणून काय बसलंय, ते आपण ऐकलंच.

आता जे मला खरंच बोचतं तिथे येतो. आजच्या इतिहासपटातली सगळ्यात मोठी कालविसंगती वाद्यांत नाही, आवाजाच्या पातळीत आहे.

मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी माचणूर आहे. औरंगजेबाच्या ब्रह्मपुरीच्या छावणीचा हाच परिसर, १६९५ पासून काही वर्षं बादशहाचा मुक्काम आमच्या जिल्ह्यात होता. सकाळी लवकर गेलात तर किल्ल्याच्या तटावरून नदी ऐकू येते. टिटवी ओरडते, पलीकडच्या काठावर कुणीतरी पंप चालू करतं आणि तो एक पंप सगळा आसमंत व्यापतो. तो पंप मनातून वजा करा. सतराव्या शतकात ना इंजिन, ना भोंगा, ना कर्णा फुंकणाऱ्याच्या छातीपलीकडचा कुठला आवाज. माणसांनी मोठा आवाज ऐकायचा तो तोफेचा, ढगांचा आणि नगाऱ्याचा. म्हणून नगाऱ्याला अर्थ होता. तो प्रहर सांगायचा, कूच सांगायचा, सरदार आला, बादशहा उठला, विजय झाला हे सांगायचा. 'आईने-अकबरी'त नगारखान्याचं वर्णन आहे, त्यात नगारे, कर्णे, सुरनाया, शिंगं, झांजा यांची यादी आहे आणि अकबर स्वतः नगारा उत्तम वाजवायचा असंही अबुल फजल लिहून ठेवतो. औरंगजेबाने दरबारातलं गाणं बंद केलं, नौबत, म्हणजे नगारखान्यातलं वादन, मात्र चालू ठेवली. कारण नौबत ही करमणूक नव्हती, ती सत्तेची भाषा होती.

रायगडावर राजसदरेसमोर नगारखाना आजही उभा आहे. तिथे गाईड एक प्रयोग करून दाखवतो, तुम्ही पाहिला असेल. नगारखान्याच्या दारात कागद फाडला तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येतो. ज्याने ती सदर बांधली त्याने शांतता गृहीत धरली होती. हळू बोललेलं ऐकू जावं म्हणून केवढी योजना केली होती! आणि आपण त्या सदरेचं दृश्य पडद्यावर दाखवतो तेव्हा राजा तोंड उघडायच्या आधी कोरस आरोळी ठोकतो. फर्मान वाचलं, ढोल. दार उघडलं, ढोल. आईने नुसतं मुलाकडे पाहिलं तरी खालून सनईचा गहिवर आणि वरून पुन्हा ढोल. नगारा सगळ्यासाठीच वाजू लागला की तो कशासाठीच वाजत नाही. चित्रपट पाहून बाहेर येताना कान बधिर झालेले असतात आणि त्या बधिरपणाला आपण शौर्य समजतो.

पुन्हा हे ढोल तरी कुठले? भव्य चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी जगभर तयार ध्वनिनमुन्यांचे संच विकत मिळतात आणि त्यांत जपानी टायको ढोलांना मोठी मागणी असते. संकलनाच्या टेबलावर दृश्य जुळवताना दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत तात्पुरतं खाली लावून ठेवायची पद्धत आहे. आठवडेच्या आठवडे तेच ऐकून दिग्दर्शकाला त्याची चटक लागते, आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं की असंच काहीतरी दे. त्यामुळे रोमन सैन्य, वायकिंग जहाज आणि सह्याद्रीतली खिंड, तिन्हींवर एकाच जातीचा ठेका पडतो. वर तुतारीची एक फुंकर मारली की झाला मराठी. आमच्या चादरींचंही असंच झालं. दुसरीकडच्या मागावर विणायची आणि कोपऱ्यात 'सोलापुरी' असं लेबल शिवायचं. २००५ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही हौसेखातर नाही. चित्रपटाच्या आवाजाला मात्र असलं लेबल तपासणारं कुणी नाही.

निर्माते म्हणतात, तरुण पोरं थिएटरात यायला हवीत. गाण्याचे हक्क आधीच विकायचे असतात, तीस सेकंदांच्या रीलमध्ये बसेल असा तुकडा हवा असतो. हे मी समजू शकतो, पैसा त्यांचा बुडतो. पण तरुण पोरांना शांतता चालत नाही, हे कुणी ठरवलं? सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दर जानेवारीला मी पाहतो. नंदीध्वजाच्या सात काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, त्यांत विशी-पंचविशीची पोरं कितीतरी. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती वाचली जाते तेव्हा एवढ्या मोठ्या गर्दीचे कान त्या एका आवाजाकडे लागलेले असतात. मग अक्षता पडतात आणि 'हर्र बोला हर्र' उठतं. त्या गजराला जोर कुठून येतो, ते आधीच्या थांबण्यात आहे. हे ज्या पोरांना कळतं त्यांना पडद्यावरची दहा सेकंदांची शांतता का कळणार नाही?

याच यात्रेचं आणखी एक. सिद्धरामेश्वरांची वचनं बाराव्या शतकातली, कानडीतली. त्या काळची त्यांची चाल कुणाला ठाऊक आहे? अशा शरणांची, म्हणजे त्या काळच्या शिवभक्तांची, वचनं मल्लिकार्जुन मन्सूरांनी हिंदुस्थानी रागांत गायली आणि ऐकणाऱ्याला त्यात आठशे वर्षांचं अंतर खुपलं नाही. मन्सूरांनी जुनेपणाचं सोंग आणलं नव्हतं. त्यांना जे गाणं येत होतं ते त्यांनी वचनाच्या पायाशी ठेवलं, आणि शब्द ऐकू येतील एवढी जागा सोडली.

नव्या संगीतावर बंदी मला नको. बंदीची मागणी निघाली की ती कधी संगीतापाशी थांबत नाही. चित्रपट सुरू होताना पडद्यावर एक पाटी येते, प्रसंगात कलात्मक स्वातंत्र्य घेतलं आहे वगैरे. घाईघाईत पळवली जाते, कुणी वाचत नाही, पण येते. तिच्यात दोन ओळी गाण्यांबद्दल घाला. कुठले शब्द जुन्या पोवाड्यातले किंवा अभंगातले आणि कुठले आज लिहिलेले, एवढं सांगा. गीतकाराचाही त्यात मान आहे. कुणीतरी रात्र जागून लिहिलेलं गाणं 'पारंपरिक' म्हणून खपतं, तेव्हा त्याचं नावही पुसलं जातं. दुसरं, ध्वनी आणि संगीताच्या कामावर असा एखादा माणूस बसवा ज्याने देवीचा गोंधळ ऐकला आहे. तुळजापूर इथून पाऊण-एक तासावर आहे. संबळाच्या दोन तोंडांतून दोन वेगळे आवाज कसे निघतात, हलगी शेकली नाही तर ती कशी मंद बोलते, हे सांगणारे लोक तिथे आजही आहेत. त्यांचं वादन जसंच्या तसं वापरा असं नाही. ऐका, आणि मग हवं तर गिटारवर वाजवा.

राम जोशी सोलापूरचे. पेशवाईच्या अखेरच्या काळातले, कीर्तन-पुराणाच्या घरातले. तमाशाच्या फडात रमले म्हणून त्यांना घर सोडावं लागलं, असं परंपरा सांगते. त्यांच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला. बाबूराव पेंटरांचं दिग्दर्शन, गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत, आणि जयराम शिलेदारांच्या गळ्यातलं 'सुंदरा मनामध्ये भरली'. ते शब्द राम जोशींचे. संगीत १९४७चं होतं, त्यात काही लपवाछपवी नव्हती. पण चित्रपट पाहताना तो शब्द कानाआड होत नाही, कारण ढोलकी त्याच्या मागे चालते. राम जोशींवर कुणी पुन्हा चित्रपट काढला तर मला वाटतं त्यांना रॅप शोभेल. खरंच सांगतो. यमकांवर यमकं रचत, समोरच्या फडाला सवालात गुंतवून लोळवणारा हा माणूस, आज असता तर त्याने हेच केलं असतं. फक्त कुठेतरी एकदा, कडव्याआधी, नुसतं तुणतुणं वाजू द्या. तार किती बारीक बोलते आणि तिच्यावर गाणाऱ्याला किती उघडं उभं राहावं लागतं, हे कळू द्या.

आमच्या गल्लीतल्या देवळात संध्याकाळी सातला आरती होते. पूर्वी एक म्हातारबुवा नगारा बडवायचे, पोरं घंटेसाठी भांडायची. आता तिथे मोटरवर चालणारं यंत्र बसवलंय, त्यात नगारा, झांज, घंटा सगळं एकत्र. पुजारी बटण दाबतो आणि हात जोडून उभा राहतो. परवा लाइट गेली तेव्हा यंत्र मधेच थांबलं. आरती म्हणणारी सहा-सात माणसं क्षणभर गांगरली, एकमेकांकडे बघू लागली, आणि मग त्यांना स्वतःचे आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी हळू टाळी धरली. पुढचं कडवं सावकाश झालं, जरा बेसूर, पण शब्दन् शब्द कळत होता. लाइट आल्यावर पुजाऱ्याचा हात बटणाकडे गेला, तर मागून एक आजी म्हणाल्या, "राहू दे की रे आजचा दिवस."